दाढेत धरलेली दोरी

वैरागच्या शाळेत तिरंदाजी दाखवून आम्ही सोलापूरला निघालो. मिलिंद मोटारसायकल चालवत होता. मी मागे बसले होते. वाटेत उसाची ट्रॉली उभी होती. ट्रॉलीला दिवा नव्हता. आम्ही तिच्यावर आदळलो. मिलिंद जागीच गेला. माझा हात मोटारसायकल आणि ट्रॉली यांच्यामध्ये सापडला. मी राहिले.

हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. एका पानाला एक दुपार लागते. घाईची वाक्यं या हाताला झेपत नाहीत, आणि बहुधा त्यामुळेच जे टाळत होते ते लिहून होत आहे. ज्यांचा हात किंवा हाताची बोटं गेली आहेत अशा कुणाला याचा उपयोग झाला तर व्हावा. वैद्यकीय माहिती मला नाही. पुन्हा धनुष्य ओढायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्यात एक रविवार असा आला की तो मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. म्हणून लिहिते.

मिलिंद, माझा नवरा, मुलींच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. त्याच शाळेत मी ग्रंथपाल आहे. लग्नानंतर त्याने माझ्या हातात धनुष्य दिलं ते माझी पाठ वाकत चालली म्हणून. दिवसभर पुस्तकांवर ओणवी असणारी बाई सरळ कशी उभी करायची, याचा त्याला तेवढाच उपाय सुचला. मी कधी स्पर्धेत उतरले नाही. पण आठ वर्षं दर रविवारी शाळेच्या मैदानावर बाण मारले. बाण सुटण्याच्या आधी एक शांतता असते. वाचताना असते तशीच. मला तेवढ्यासाठी ते आवडायचं. मिलिंदच्या हाताखाली शाळेतल्या बारा मुली शिकत होत्या. त्याही आवडायच्या, पण त्या त्याच्या होत्या.

*

अपघातानंतर पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी ड्रेसिंग सोडलं आणि माझा उजवा हात उजेडाकडे धरून पाहिला. तरुण होत्या. पाच दिवसांत मी त्यांचा चेहरा वाचायला शिकले होते. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. डॉक्टर बसून बोलायला लागले की काय समजायचं, ते वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

तीन बोटं वाचवत बसलो तर हात जाईल, असं त्यांनी सांगितलं. कोणती तीन, मी विचारलं. तर्जनी, मधलं आणि त्याच्या शेजारचं.

"याच तीन बोटांनी दोरी धरतात," मी म्हणाले.

"कसली दोरी?"

मी सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर त्यांना उगाच अवघड वाटेल. तुम्ही वॉर्डात असाल तर एक सांगते. सांगा. मला अवघड जातंय हे डॉक्टरला कळू द्या. मी तेव्हा गप्प राहिले आणि पुढे कित्येक महिने गप्पच राहिले.

बोटं काढली तेव्हा मिलिंदला जाऊन सहा दिवस झाले होते. त्याला निरोप दिला तेव्हा मी ऑपरेशनच्या टेबलावर होते. त्याचा चेहरा मी शेवटचा पाहिला तो आरशात, मोटारसायकलच्या.

*

ड्रेसिंगची ट्रॉली दहाच्या सुमारास यायची. तिचं एक चाक वाजायचं. ती तीन खाटा अलीकडे आली की माझ्या डाव्या हाताला घाम सुटायचा. कापड ओलं करून सोडणारी सिस्टर असली तर दिवस निभायचा. कोरडंच ओढणारी असली तर दुपारपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून पडायची. एक सिस्टर माझी वेणी घालायची. कुणी सांगितलं नव्हतं. एका हाताने केस बांधता येत नाहीत हे तिला आपलं आपण सुचलं होतं.

सासूबाई चौथ्या दिवसापासून माझ्याजवळ होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. वैरागजवळच्या खेड्यात त्यांचं आयुष्य गेलं, नंतर त्या आमच्याकडे सोलापूरला आल्या. आवाज मोठा. बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय. त्या दिवसांत मात्र त्या हळू बोलायच्या. भाकरी दुधात कुस्करून मला भरवायच्या आणि भरवताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. घास, घास, घास, मग पाणी. मुलगा गेलेली बाई सुनेला भरवत होती आणि दोघींना एकच गोष्ट बोलायची होती, म्हणून आम्ही बाकी सगळं बोललो. डाळीत मीठ, शेजारच्या खाटेवरची म्हातारी, नळाला पाणी कधी येणार.

*

घरी आले तेव्हा धनुष्याची पिशवी कपाटावर होती. अपघातात ती उडून शेतात पडली होती. कुणीतरी आणून दिली. धनुष्यावर ओरखडाही नव्हता.

"माजं पोरगं गेलं आन् ही लाकडं राहिली व्हय," आत्या म्हणाल्या. "दिऊन टाक कुणाला तरी. माज्या डोळ्यापुडं नगं."

मी दिलं नाही. तेही मी त्यांना बोलून दाखवलं नाही. पिशवी कपाटावरून पलंगाखाली गेली, एवढंच.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मी कामावर रुजू झाले, आणि महिनाभराने मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मैदानातला तिरंदाजीचा पट्टा सायकल स्टँडसाठी हवा होता. मी म्हणाले, मुलींना मी शिकवीन. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. सभ्य बाई. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जी स्वतः बाण मारू शकत नाही तिच्या भरवशावर बारा मुलींच्या हातात बाण देता येणार नाहीत. तरी सहामाही परीक्षेपर्यंत चालू द्या, मग तुम्ही बाण कसा मारता ते येऊन बघीन, म्हणाल्या. आणि तोवर किंवा त्यानंतर एक जरी गडबड झाली, तर त्याच दिवशी बंद.

मला कळत होतं की तो पट्टा गेला तर मिलिंदचं या शाळेत काहीच उरणार नाही. फोटो लावतील. फोटोचा मला उपयोग नव्हता.

*

पहिल्यांदा मी हात बदलून पाहिले. उजव्या हातात धनुष्य, डाव्या हाताने दोरी. पण उजव्या मनगटात प्लेट बसवली होती. धनुष्याचा रेटा थेट तिच्यावर यायचा आणि दुसऱ्या बाणाला डोळ्यांपुढे अंधारी यायची.

आमच्या गल्लीत अंबादासमामा राहतात. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही. त्यांनी माझ्या मनगटाला चामड्याची पट्टी बांधून तिला तारेचा आकडा बसवून दिला. आकड्याने दोरी ओढली जायची, पण सुटायची नाही. सुटली की एकदम आणि वाकडी. बाण चार हातांवर मातीत. पाच आकडे झाले. प्रत्येक वेळी मामा म्हणायचे, तुमच्या हाताची चूक नाही, माझ्या तारेची आहे. ते खोटं होतं आणि मला ते बरं वाटायचं.

मग एक दिवस ते दारात उभे राहून म्हणाले, "टीचर, आमी सगळे येडे. धागा तुटला की आमी काय करतो? एक टोक दातात धरतो, हातानं गाठ मारतो. चाळीस वर्षं दातात धरलं मी. तुमी पन दातात धरा की."

सोबत त्यांनी मागावरचा जुना पट्टा आणला होता. आडवा धागा नेणारा धोटा या बाजूने त्या बाजूला फेकणारा चामड्याचा पट्टा. दिवसभर हिसके खाऊन न तुटणारी ती वस्तू. त्याचा बोटभर तुकडा कापून त्यांनी तो तीन दिवस खोबरेल तेलात ठेवला आणि दोरीच्या मधोमध, बाण जिथे बसतो तिथे, दोऱ्याने आवळून बांधला. पट्टा उजव्या दाढेत धरायचा. डावा हात वाकवून धनुष्य तोंडाजवळ घ्यायचं आणि मग हात सरळ करत धनुष्य पुढे ढकलायचं. दोरी ओढायची नाही, दोरीपासून धनुष्य लांब न्यायचं. तोंड उघडलं की बाण सुटतो.

आत्यांनी दारातून हे सगळं पाहिलं. मामांना म्हणाल्या, "आता दात बी घालवा तिचं." आणि आत गेल्या. दंतवैद्यही साधारण तेच म्हणाले, जरा सौम्य शब्दांत.

माझं धनुष्य अठ्ठावीस पौंडांचं होतं. त्याचे हात, म्हणजे वाकणाऱ्या दोन पट्ट्या, बदलून ताण अठरावर आणला. बाण आखूड केले. धनुष्यावरची निशाण्याची खूण खाली घेतली. ही कामं आठवड्याभराची. खरा वेळ लागला तो जबड्याला शिकवायला. नेम जुळला की माझी नसलेली बोटं सुटायची. मला ती उघडलेली स्पष्ट जाणवायची, आणि तोंड मात्र घट्ट मिटलेलं. बाण जागेवरच. मग ओशाळून तोंड उघडलं की तो भलतीकडे. आठ वर्षांची सवय त्या तीन बोटांबरोबर कापली गेली नव्हती. ती जायला दोन महिने लागले.

*

तिरंदाजीत शिट्टीवर सगळं चालतं. दोन शिट्ट्या, रेषेवर या. एक शिट्टी, बाण मारा. तीन शिट्ट्या, बाण आणायला जा. मिलिंद याबाबतीत कडक होता. शिट्टीशिवाय कुणी रेषा ओलांडली की ती मुलगी आठवडाभर फक्त बाण पुसायची.

आता पट्टा तोंडात असताना मी शिट्टी वाजवू शकत नव्हते, म्हणून मुली असताना मी धनुष्याला हात लावत नसे. माझा सराव रविवारी सकाळी, एकटीने. मोकळं मैदान, कुणी नाही, म्हणजे धोका नाही. मला हे इतकं उघड वाटत होतं की मी त्याचा दुसऱ्यांदा विचारही केला नाही. माझी चूक ती होती.

मोठ्या बाई येत्या शनिवारी बघायला येणार होत्या. त्याआधीचा रविवार. अठरा मीटरवर सहा बाणांपैकी पाच टार्गेटमध्ये लागत होते. सहावा का चुकतो ते मला शोधायचं होतं. टार्गेट मागच्या भिंतीला टेकवलेलं. त्याच्या उजव्या अंगाला गल्लीत उघडणारं छोटं लोखंडी दार आहे, ते रविवारी कुलूपबंद असतं.

त्या दिवशी चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. शाळेची टाकी भरायला शिपायाने ते दार उघडून ठेवलं होतं.

मी धनुष्य पूर्ण ताणलं. हात सरळ झाला, खूण टार्गेटच्या पिवळ्या मध्यावर आली, आणि उजवीकडून काहीतरी हिरवं हललं. आत्या. दारातून आत येऊन त्या टार्गेटच्या पुढून सरळ माझ्याकडे चालत येत होत्या. हातवारे करत, काहीतरी बोलत. अपघातानंतर त्या मैदानावर कधीच आल्या नव्हत्या. बाण म्हणजे काय, रेषा म्हणजे काय, त्यांना माहीत नव्हतं.

मला ओरडायचं होतं. कुणालाही तेच सुचेल. पोटातून आवाज निघाला, गळ्यापर्यंत आला, जीभ उचलली गेली आणि चामड्याला लागली. तेलाची चव आली. तेव्हा मला कळलं की मी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं, तर थांबा हा शब्द आणि बाण एकत्र जातील.

आत्या बाणाच्या समोर होत्या.

मी दात आवळले. धनुष्य खाली झुकवावं किंवा बाजूला वळवावं, तर तेवढा जोर हातात उरला नव्हता. नेहमीपेक्षा जास्त वेळ ताणून धरलं होतं. एकच वाट होती. डावा कोपर हळूहळू वाकवत धनुष्य परत तोंडाकडे आणायचं. ताणलेलं धनुष्य तसं येत नाही. ते डोकं पुढे खेचतं. बाण न सोडता परत येण्याचा सराव मी एकदाही केला नव्हता. केला होता तो फक्त सोडण्याचा. बोटभर कोपर वाकला. मान खेचली गेली. आणखी बोटभर. उजव्या बाजूला कानाच्या खाली काहीतरी कडकन मोडलं. मला वाटलं पट्टा तुटला. पट्टा नव्हता.

आत्या चालतच होत्या.

दोरी सैल झाली. बाण मी अंगठ्याने आणि करंगळीने ओढून काढला आणि मातीत टाकला. धनुष्यासकट मी तिथेच खाली बसले. तोंड उघडेना.

"पाणी आलंय," आत्या माझ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या. "फोन का उचलंनास? आन् मी एवडी चालत यायलीय, बगून एक शबूद न्हाय? मूग गिळलंस का?"

मी पट्टा तोंडातून काढला. त्याच्यासोबत रक्त आणि दाढेचा तुकडा हातावर आला.

"बोलले असते तर बाण सुटला असता, आत्या. तुम्हाला लागला असता."

त्यांनी मातीतल्या बाणाकडे पाहिलं. मागे वळून टार्गेटकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आपण कुठून कुठे आलो ते मोजल्यासारखं. मग त्या तिथेच खाली बसल्या. माझ्या तोंडाला पदर लावला. बराच वेळ तो तसाच दाबून धरला.

"त्या दिशी वरडली हुतीस का गं?" त्या म्हणाल्या. "त्याला?"

इतके महिने हाच प्रश्न घरात होता.

"नाही. मला ट्रॉली दिसलीच नाही. धनुष्याच्या पिशवीचा पट्टा सुटला होता. मी मागे वळून तो सावरत होते."

पलीकडे टाकीत पाणी पडत होतं. आत्यांनी पदर काढला, घडी उलटी केली, पुन्हा लावला.

"म्हंजी दिसली आसती तर वरडली आसतीस."

"हो."

"तेवडंच पायजे हुतं मला," त्या म्हणाल्या. मग उठायला हात पुढे केला. "चल. पाणी जाईल."

*

सोमवारी मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. आत्यांनी सांगू नकोस असंही म्हटलं नाही आणि सांग असंही नाही. फक्त माझ्याबरोबर आल्या. मोठ्या बाई ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले. एक जरी गडबड झाली तर बंद, हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि त्यांनी बंद केलं. शनिवारची पाहणी रद्द झाली. मी घरी आले आणि धनुष्य भरून पिशवीची चेन लावली.

तीन आठवडे मैदान बंद होतं. त्या काळात पाच मुली शिकवणीला जायला लागल्या, त्या परत आल्या नाहीत. मग मोठ्या बाईंनी पुन्हा बोलावलं. तुम्ही आपणहून सांगितलंत म्हणून एकदा बघते, म्हणाल्या. शनिवारची ती पाहणी त्यांनी घेतलीच. या वेळी आत्या रेषेमागे उभ्या होत्या. मी सहा बाण मारले, चार लागले. त्यानंतर बाई म्हणाल्या, आता एक ताणा आणि सोडू नका. मी ताणला आणि उतरवला. त्या तीन आठवड्यांत पिशवी पुन्हा उघडून मी घरी दुसरं काहीच केलं नव्हतं.

त्यांनी अटी घातल्या. त्या छोट्या दाराची किल्ली माझ्याकडे. मुली असताना मी बाण मारायचा नाही. आणि एकटीने कधीच नाही. ज्याचं तोंड मोकळं आहे असं मोठं माणूस शेजारी हवं.

"हिचं तोंड बंद आसंल तवा माजं उगडं राहील," आत्या म्हणाल्या. "माजं कदी बंद आसतंय? इचारा गल्लीत."

मोठ्या बाई हसल्या. मी हसले नाही, जबडा दुखत होता.

कुणी दातांनी दोरी ताणायला शिकत असेल तर माझं एवढंच सांगणं आहे. बाण सोडायला नंतर शिका. आधी न सोडता परत यायला शिका. आणि मोकळं मैदान म्हणजे सुरक्षित मैदान असं समजू नका.

*

मोडलेली दाढ काढावी लागली. आता पट्टा डाव्या बाजूला धरते. त्यामुळे बाण उजवीकडे जातात, अजून जुळलेलं नाही. बारापैकी सात मुली येतात. रविवारी आत्या रेषेमागे खुर्ची टाकून बसतात. ज्या रविवारी त्यांचे गुडघे दुखतात, त्या रविवारी मी बाण मारत नाही. उजव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी आहे. घरात आम्ही दोघी आहोत.